बिदरचं हाय ते

फाल्गुनातली दुपार. मादन हिप्परग्याच्या माळवदाच्या घरात, अंधाऱ्या आतल्या खोलीत, तुम्ही आज्जीच्या लाकडी पेटीपुढे बसला आहात. पेटीत जीर्ण जरीचं लुगडं आहे, पितळी अडकित्ता आहे, सुपारीचा चुरा आहे आणि सगळ्यात खाली, फडक्यात गुंडाळलेली, मुठीत मावेल एवढी एक डबी आहे. तिचा काळा रंग कोळशाचा नव्हे. पहिला पाऊस पडून गेल्यावर आपल्या शिवारातली रेगडी जमीन जशी दिसते, तसा तो काळा आहे. त्यावर चांदीची वेल. झाकणाला वळसा घालणारी आठ पानं. सात पानं एकसारखी. आठव्याचं टोक जरासं आत वळलेलं, जणू वारा लागलाय.

‘‘आज्जी, ही कुणी केली?’’

‘‘बिदरचं हाय ते,’’ आज्जी म्हणते. ‘‘माज्या आईच्या लग्नातलं.’’

तुम्ही विचारलं होतं कुणी, आणि आज्जीनं सांगितलं कुठलं. तिच्या दृष्टीनं उत्तर पुरं झालं आहे. ती पुन्हा शेंगा फोडायला लागते.

या घरात मराठी बोलतात. शाळेत कन्नड शिकलात. आळंदच्या बाजारात गेलात की तोंडात आपोआप दखनी येते, ‘हौ’ आणि ‘नक्को’ची. कुणी विचारलं, तुम्ही नक्की कुठले, तर क्षणभर थांबावं लागतं. डबीचं झाकण उघडा. आत कात आणि लवंगेचा, फार जुना, जवळजवळ विरलेला वास आहे. तो वास छातीत भरून घ्या आणि डोळे मिटा.

पायाखाली धूळ. भोवती वाजंत्री, फकीर, बायाबापड्या. तुम्ही चालताय. पुढे माडियाळचा जंगम आहे. आपल्याच आळंद तालुक्यातलं गाव ते. दर वर्षी होळीच्या सुमारास हा लिंगायत जंगम निघतो आणि बिदरजवळच्या अष्टूरला एका सुलतानाच्या कबरीवर पोचतो. तिथं तो शंख फुंकतो, नारळ फोडतो, फुलं वाहतो. त्याच्या डोक्यावरची उंच टोपी पाहा. ती बहमनी काळातली रीत. सुलतानाचं नाव अहमदशाह वली. मुसलमान त्याला वली मानतात आणि गावकरी त्यालाच अल्लमप्रभू म्हणून हात जोडतात. उरूस म्हणा, जत्रा म्हणा, गर्दी तीच असते. हे ऐकून बाहेरचा माणूस चकित होतो. तुम्ही होत नाही. तुमच्या घरात त्याचं कधी कुणाला नवल वाटलं नाही.

शंख वाजतो आणि त्या आवाजाबरोबर भोवतालची गर्दी ओसरते. घुमटाखाली थंडगार सावली आहे. साल 1436, सुलतान नुकताच गेला आहे. गुलबर्ग्याहून राजधानी बिदरला आणणारा हा माणूस. त्याच्या थडग्यावरच्या घुमटात आतल्या बाजूनं रंग चढताहेत, शेंदरी, निळा, सोनेरी. मान मागे टाकून वर पाहा. वेलींच्या गुंत्यात अक्षरं, अक्षरांच्या गुंत्यात वेली. कुठं लिहिणं संपतं आणि कुठं चित्र सुरू होतं, सांगता येत नाही. आणि त्या सगळ्यात, लक्षपूर्वक पाहिलं तर, एक नाव आहे: शुक्रुल्ला, इराणातल्या कझवीनचा नक्काश. सुलतानाच्या कबरीत चितारी आपलं नाव लिहून गेला आहे. जवळजवळ सहाशे वर्षं झाली, नाव तिथंच आहे.

ते नाव लक्षात ठेवा. या प्रवासात पुढं फार वेळ कुणा कारागिरानं स्वतः लिहिलेलं दुसरं नाव भेटणार नाही.

बिदरचे कारागीर सांगतात की त्यांची कलाही याच वाटेनं, इराणातून आली. अब्दुल्ला बिन कैसर नावाचा कारागीर ती घेऊन आला आणि बहमनी सुलतानाच्या आश्रयाला राहिला. ही त्यांच्या घरातून चालत आलेली गोष्ट आहे, तिला शिलालेखाचा आधार मागू नये. आपणही दामाजीपंतांची गोष्ट कुठल्या दप्तरात शोधत नाही. मराठी घरात बिदर हे नाव प्रथम येतं ते आईच्या तोंडून, त्याच गोष्टीत. मंगळवेढ्यात दुष्काळ, दामाजीपंतांनी सरकारी कोठारं उघडून भुकेल्यांना धान्य वाटलं, बादशहानं पकडून आणायला माणसं पाठवली, आणि विठोबा स्वतः विठू महार होऊन बिदरच्या दरबारात धान्याची रक्कम भरून आला. लहानपणी तुम्हाला प्रश्न पडायचा, विठोबा कुठल्या वाटेनं गेला असेल? आपल्या गावावरून गेला असेल का? आता तुम्ही त्या वाटेनंच किल्ल्यात शिरताय.

आत आल्यावर रंगीन महाल चुकवू नका. शतक पुढं सरकलं आहे, बहमनी सरले, बरीदशाही आली. अली बरीदच्या काळात भिंतीतल्या काळ्याभोर दगडात शिंपले बसवलेत. काळ्यावर पांढरं, नखाएवढ्या फुलापासून हातभर वेलीपर्यंत. बोट फिरवा. दगड कुठं संपला आणि शिंपला कुठं लागला, हे बोटाला कळत नाही. मग खिशातली डबी काढून शेजारी धरा. काळ्यावर पांढरं. दगडात शिंपला, जस्तात चांदी. या गावाच्या नजरेलाच हे वेड आहे.

आता मोठी उडी आहे. 1851चा उन्हाळा, लंडन. हाइड पार्कात काचेचा प्रचंड महाल उभा केलाय आणि जगभरच्या वस्तू मांडल्या आहेत. हिंदुस्थानच्या दालनात गर्दी. तिथं बिदरी आहे. गोरी माणसं काचेवर नाक टेकवून विचारताहेत की हा काळा रंग आला कशानं, आणि तो उडत का नाही. आपल्या मुलुखातल्या रेगडीच्या रंगाकडे परदेशात माणसं अशी टक लावून बघताना पाहून तुमचा ऊर भरून येतो. तो भरू द्या. पण तिथं फार रेंगाळू नका. काचेपलीकडं जे आहे त्याला सगळे ‘बिदरी’ म्हणतात, गावाच्या नावानं. घडवणारे हात इथं आलेलेच नाहीत.

त्यापेक्षा त्या हातांकडं चला.

बिदर, 1930च्या दशकातलं. सातव्या निजामाचं, मीर उस्मान अली खानांचं राज्य. विकाराबादहून आलेली रेल्वे अजून लोकांना नवी आहे. गल्लीत वळलात की ठक-ठक ऐकू येईल, बारीक, न थांबणारी. ओसरीवर चार माणसं बसली आहेत. तुम्हाला ती पाहू शकत नाहीत. कोपऱ्यात बसा.

एक जण ओतकाम करतोय. सोळा भाग जस्त, एक भाग तांबं. साच्याची माती एरंडेल आणि राळ घालून मळलेली, लोण्यासारखी मऊ. रस ओतला, निवला, साचा फोडला. बाहेर आली ती शिशाच्या रंगाची, ओबडधोबड, पोरानं मातीत खेळून टाकून दिल्यासारखी वस्तू. हीच ती डबी, यावर विश्वास बसत नाही. दुसरा तिला कानशीनं घासतो. तासभर घासतो. मग मोरचुदाच्या पाण्याचा हात फिरवतो, तशी ती तेवढ्यापुरती काळवंडते. हा काळा खोटा आहे, उडणारा. नक्षीची रेघ नीट दिसावी एवढ्याचसाठी तो लावतात.

तिसरा माणूस वयानं मोठा. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, उजव्या हाताच्या आंगठ्यावर घट्टा. समोर कागद नाही, नमुना नाही. टोकदार कलमानं तो सरळ धातूवर वेल काढतो. एकदाही पुसत नाही. मग वस्तू राळ-मेणात घट्ट रोवून बारीक छिन्नी घेतो आणि काढलेल्या रेघेवर खोदायला बसतो. इथं सगळा जीव आहे. चर फार उथळ झाला तर चांदी निघून येईल, फार खोल झाला तर पातळ धातू फुटेल. चराच्या कडा आतल्या बाजूला किंचित दबलेल्या राहिल्या पाहिजेत, म्हणजे ठोकल्यावर त्या चांदीला धरून ठेवतात. खोबणीत तार बसवली तर ती तारकशी, पत्र्याचा तुकडा बसवला तर तहनिशान.

पहिलं पान. दुसरं. तिसरं. तुम्ही मोजताय. छिन्नीच्या दर ठोक्याला धातूचा केसाएवढा काप उडतो. सात पानं झाली. आठव्याचं टोक खोदत असताना ओसरीच्या दारात एक पोरगा येऊन उभा राहतो, हातात मातीचं टोपलं घेऊन, आणि उजेड अडतो. क्षणभरच. छिन्नी गव्हाच्या दाण्याएवढी आत वळते.

‘‘बाजू हो रे,’’ उस्ताद मान वर न करता म्हणतो. आवाजात राग नाही.

पोरगा सरकतो. उजेड परत येतो. उस्ताद टोकाकडं पाहतो. धातूत गेलेली रेघ पुसता येत नाही. तो दोन-तीन ठोक्यांत पानाची दुसरी कड तिला जुळवून घेतो, म्हणजे पान मोडल्यासारखं न दिसता वळल्यासारखं दिसेल. मग चांदीची तार उचलतो. शुद्ध चांदी, दोऱ्याएवढी मऊ. बोटानं दाबत, लहान हातोडीनं चेपत, ती चरात निजवतो. वाकड्या टोकाशी येतो तेव्हा तारही तशीच वळते, कुरकुर न करता.

तुम्हाला त्याचं नाव विचारायचंय. तोंड उघडता, पण या काळात तुमच्याजवळ आवाज नाही. बाकीचे त्याला उस्ताद म्हणतात. तो दारातला पोरगा अब्बा म्हणतो. नाव कुणी घेतच नाही. घ्यायची गरजच कुणाला पडत नाही, कारण इथं सगळे त्याला ओळखतात.

टोपल्यातली माती किल्ल्यातली आहे. जुन्या इमारतींच्या आतल्या भागातली, जिथं ऊन-पाऊस पोचत नाही अशा जागची. तिच्यात शोऱ्याचे अंश असतात. सगळी माती चालत नाही. उस्ताद पोराला जवळ बोलावतो.

‘‘जीभ पे रख के देख.’’

पोरगा चिमूट जिभेवर ठेवतो. तोंड वाकडं करतो. उस्ताद वाट पाहतो.

‘‘खारी है, अब्बा.’’

‘‘और?’’

पोराला ‘और’चं उत्तर येत नाही. उस्ताद स्वतः चिमूट घेतो, डोळे मिटतो, थुंकतो. अर्धं टोपलं बाजूला सारतो, अर्धं ठेवतो. बघा, ही परीक्षा कुठल्या पुस्तकात लिहिता येईल? ती जिभेवरून जिभेवरच जायची. एक पिढी खंडली तर ती माती किल्ल्यात तशीच पडून राहील आणि कोणती चिमूट उचलायची ते कुणाला कळणार नाही.

घासून गुळगुळीत केलेली डबी आता करड्या रंगाची दिसते, चांदी तिच्यात हरवून गेलीय. उस्ताद ती जराशी शेकतो. निवडलेली माती आणि नवसागर पाण्यात कालवून डबीवर चोळायला लागतो. आता पापणी लववू नका. करड्यातून काळं वर येतं. ढग भरून यावेत तसं, एका बाजूनं, मग सगळीकडून. जस्त काळं होतं, चांदीला काहीही होत नाही. वेल एकदम उजळून वर येते. आठ पानं. आठवं किंचित वळलेलं. धुऊन, पुसून, तेलाचा हात दिला की हा काळा कायमचा.

तुम्ही डबी उलटी करून पाहता. तळ कोरा आहे.

पुढची वर्षं झरझर जातात, ती तशीच जाऊ द्या. सप्टेंबर 1948, निजामाचं राज्य संपतं. सरदार-जहागीरदारांबरोबर हुक्के, पानदानं, सुरया मागवणारी घरंही संपतात. ओसरीवरची चार माणसं दोन होतात. 1 नोव्हेंबर 1956, हैदराबाद राज्याचे तीन वाटे पडतात. बिदर जिल्ह्यातले उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात जातात, बिदर स्वतः म्हैसूर राज्यात. गुलबर्गा आणि त्यातलं आपलं आळंद, हिप्परगाही म्हैसूरात. आज्जीच्या आईची डबी आहे त्या पेटीत, आहे त्या कोनाड्यात. सोयरेधायरे मात्र सीमेपलीकडं गेले. तेव्हापासून हा मुलूख कुणाचा यावर पुष्कळ बोललं गेलं. त्या सगळ्या बोलण्यात मला ही डबी कधी भेटली नाही याचं वाईट वाटतं. इराणी हातांची आठवण, दखनी बोल, कन्नड मातीतला किल्ला आणि मराठी घरातला कोनाडा, इतकं सगळं हिच्या एका मुठीत आहे.

कलावंताच्या नावाचं दुसरीकडं काय होतं ते पाहायला एक क्षण समुद्र ओलांडा. मनिला, एप्रिल 1972. फर्नांडो आमोर्सोलो हा वृद्ध चित्रकार वारलाय. पिवळ्याधमक उन्हातली भाताची खाचरं, डोईला फडकी बांधलेल्या हसऱ्या बाया, हे चित्र फिलिपिनो माणसानं आपला देश म्हणून मनात ठेवलं, ते यानं रंगवलेलं. तरुणपणी त्यानं दारूच्या बाटलीवरचं लेबलही काढलं होतं, आणि तेही घराघरांत पोचलं. तो गेल्यावर दोन-तीन दिवसांतच सरकार ‘राष्ट्रीय कलावंत’ हा मान सुरू करतं आणि पहिला मान त्याला देतं. तुम्हाला गुलबर्ग्याचे एस. एम. पंडित आठवतात. 1916 साली जन्मले, मुंबईत सिनेमाची पोस्टरं आणि कॅलेंडरं रंगवून नावारूपाला आले, शेवटी पुन्हा गुलबर्ग्याला परतले, 1993 साली गेले. डोळे मिटून शंकर-पार्वती आठवा म्हटलं तर या देशात किती जणांना जी चित्रं दिसतात, ती पंडितांच्या घराण्यातली असतात. पण चितारी कोपऱ्यात सही करू शकतो. धातूवाला, विणकर, गाणारा काय करणार?

हा प्रश्न मनिलातही कुणाला तरी पडला. 1992 साली तिथं वेगळा कायदा झाला, लोककारागिरांसाठी. 1993च्या पहिल्या तिघांत एक जण बांबूवर कविता कोरणारा मांग्यान जमातीचा कवी होता, गिनाव बिलोग. मानाबरोबर आयुष्यभराचं मानधन येतं आणि एक अट येते: शिकवायचं. मला ही अट फार आवडते. ती आपल्याकडंही मानाच्या कागदावर लिहिलेली असावी, असं मला मनापासून वाटतं. शालीपेक्षा शिकाऊ पोर महत्त्वाचं. उस्तादानं विचारलेलं ‘और?’ त्या कायद्याला ऐकू आलं होतं.

आता दिल्ली. 5 एप्रिल 2023, राष्ट्रपती भवन. झुंबरं, लाल गालिचा, ओळीत बसलेली माणसं. एकेक नाव पुकारलं जातंय. तुम्ही मागे भिंतीला टेकून उभे आहात, डबी खिशात, मूठ तिच्यावर. आणि मग ते नाव येतं: शाह रशीद अहमद कादरी, बिदर, कर्नाटक. पद्मश्री. बिदरी कला.

ते उठतात. वडिलांकडून हे काम शिकलेला माणूस. ज्या वर्षांत पोरं कारखाने सोडून रिक्षा चालवायला गेली त्या वर्षांत छिन्नी न सोडलेला. ते चालत जातात. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू त्यांच्या छातीवर पदक लावतात. सभागृहात टाळ्या होतात आणि तुम्ही टाळ्या वाजवायला विसरता, कारण तुम्ही त्यांच्या हातांकडं बघताय. इतक्या दुरून घट्टा दिसायचा नाही. पण तुम्हाला माहीत आहे तो कुठं असणार.

पद्म पुरस्कार 1954 पासून आहेत. बिदरीला भौगोलिक मानांकन मिळालं 2006 साली, म्हणजे गावाचा हक्क कागदावर आला. माणसाचं नाव या दरबारात मोठ्यानं पुकारलं जायला आणखी सतरा वर्षं गेली. अष्टूरच्या घुमटातल्या शुक्रुल्लापासून मोजलं तर किती, ते तुम्ही मोजा.

बिदरला परत या. संध्याकाळ आहे. चौबाऱ्याच्या बाजूची गल्ली, तीच ठक-ठक, आता मधूनमधून विजेच्या यंत्राच्या घरघरीनं तुटणारी. ओसरीवर मुली बसल्यात खोदायला. उस्तादाच्या ओसरीवर त्या नव्हत्या. दुकानात मोबाईलच्या खोक्याएवढ्या नव्या डब्या, पेन ड्राइव्हची आवरणं, शोभेचे मोर. किल्ल्यातली ती माती कमी होत चाललीय, ही काळजी इथं सगळ्यांच्या बोलण्यात आहे. एका मुलीपुढं बशीत मातीची चिमूट ठेवलेली आहे. म्हातारा कारागीर तिच्याकडं बघतोय. ती जिभेवर ठेवते, तोंड वाकडं न करता, डोळे मिटते. बराच वेळ काही बोलत नाही.

‘‘कल वाली नहीं है ये,’’ ती म्हणते. ‘‘ये दूसरे कोने की है.’’

म्हातारा काही बोलत नाही. बशी उचलतो आणि माती पाण्यात टाकतो.

मादन हिप्परगा. शेंगांच्या टरफलांचा ढीग आता आज्जीच्या गुडघ्याएवढा झालाय. ऊन माळवदावरून उतरलं. तुम्ही डबीवर खोबरेल तेलाचा एक थेंब टाकता आणि फडक्यानं चोळता. धुळकट झालेला काळा हळूहळू परत खोल होतो. पहिलं पान, दुसरं, तिसरं.

‘‘आज्जी, हे शेवटचं पान बघ. पोरगं दारात आलं न्हवं का, उजेड अडला.’’

‘‘कुठलं पोरगं?’’

तुम्ही तिचा हात धरून आंगठा त्या टोकावर ठेवता. तिला आता नीट दिसत नाही, म्हणून ती आंगठ्यानंच बघते. एकदा, दोनदा. मग थांबते.

‘‘अगं बाई,’’ ती म्हणते, ‘‘हे तर वळलंय.’’